रिकामे महिरपी कंस

हेमांगी दिवेकरचा देवावर विश्वास नव्हता, पण माणसांच्या मूर्खपणावर तिची अढळ श्रद्धा होती. त्या श्रद्धेला रोज सकाळी पुरावाही मिळायचा. बाणेरच्या 'पाऊलवाट' कंपनीत ती नऊला येऊन बसली, की आदल्या दिवशीच्या तक्रारींचा लॉग तिच्या स्क्रीनवर उलगडायचा. काही लोक वर्तमानपत्रातल्या अपघातांच्या बातम्या चवीनं वाचतात ना, तसा ती तो चहाबरोबर वाचायची.

"कालचे कळसे किती?" त्या गुरुवारी तिनं विचारलं.

"दोन लाख चार हजार, मॅडम," समोर उभी असलेली निखत मुजावर म्हणाली. निखत सांगलीची, सव्वीस वर्षांची, कंपनीत येऊन सात महिने झालेली. सात महिन्यांत तिनं हेमांगीच्या तोंडून एकदाही 'बरं केलंस' ऐकलं नव्हतं. पण ते तसं कुणीच ऐकलं नव्हतं.

'कळसे' हे नाव हेमांगीनंच पाडलेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, त्यातला कळसा. ज्या जागी आपण उभे आहोत, तिथंच मला ने असं यंत्राला सांगून जी तक्रार उठते, तिला दुसरं काय म्हणायचं, असा तिचा सवाल होता. ऑफिसात त्यावर तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती.

कंपनीच्या यंत्राचं नाव 'वाटाड्या'. कानामागे बसणारी, भुईमुगाच्या शेंगेएवढी पट्टी. माणसाच्या मेंदूत कानशिलाच्या आत खोलवर काही पेशी असतात, त्यांना फक्त जागेचं काम. आपण ओट्यापाशी उभे असलो की एक पेशी चमकते, दारापाशी गेलो की दुसरी. अशा हजारो पेशींचा मिळून घराचा, गल्लीचा, गावाचा नकाशा डोक्यात तयार होतो. म्हातारपणी स्मरणशक्तीला वाळवी लागते ती बरेचदा आधी याच भागाला लागते, म्हणून माणसं नातवंडांची नावं विसरण्याआधी वाट विसरतात. वाटाड्या उरल्यासुरल्या पेशींची चमक बाहेरून टिपायचा आणि माणूस कुठं आहे ते ओळखायचा. मग त्याच्या तोंडून 'संडास', 'बाग', 'देवघर' असा शब्द ऐकला, की त्या दिशेला कानामागे अगदी हलकी ओढ द्यायचा. ओढ लागेल तसं माणसानं चालायचं, जागा आली की ती आपोआप सुटायची. ज्या घरांनी आपल्या म्हाताऱ्यांना बाहेरून कडी लावायला सुरुवात केली होती, त्या घरांत वाटाड्या आला आणि कडी निघाली. राज्यात चाळीस हजार लोक तो लावत होते.

मेंदूचं काम डॉक्टरांनी केलं होतं. बाकीचं केलं वेबसाइटवाल्यांनी, आणि या जमातीच्या हाती गाढव दिलं तरी ती त्याची वेबसाइट करून ठेवते. पूर्वी वेबसाइटवर प्रत्येक बटनाला नवं पान उघडायचं. पुढं कुणाच्या तरी डोक्यात आलं, की पान एकच ठेवू आणि त्याच्यातलं चित्र तेवढं बदलू. कुठलं चित्र दाखवायचं ते ठरवणाऱ्या तुकड्याला राउटर म्हणतात. वाटाड्यातही तेच केलं होतं. म्हाताऱ्या माणसाचं सगळं जग हे एक पान, स्वयंपाकघर हे त्यातलं एक चित्र, बाग हे दुसरं. नातेवाइकांच्या मोबाइलवर दिसायचं तेही हेच पान. या राउटरला एक खोड होती. आहात त्याच जागी जायला सांगितलं, तर तो हलायचा तर नाहीच, वर तक्रार करायचा, की ही फेरी दुबार आहे, तुम्ही तिथंच आहात. तक्रार उठली की पट्टी कानामागे 'टुक' करून एक ठोका द्यायची.

आता घरात बसलेले म्हातारे दिवसातून वीस-वीस वेळा 'मला घरी जायचंय' म्हणतात. वीस वेळा म्हटलं की वीस टुक. शिवाय प्रत्येक टुकबरोबर मुलाच्या किंवा सुनेच्या मोबाइलवर लाल अक्षरांत तक्रार. सुना वैतागल्या होत्या, मुलं हेल्पलाइनवर भांडत होती.

"मी सोडवलंय, मॅडम," निखत म्हणाली. "तक्रार आली की आधी ती कुठल्या प्रकारची आहे ते बघायचं. दुबार असेल तरच गिळायची. 'रोखलं' किंवा 'रद्द' असेल, तर पुढं जाऊ द्यायची. चाचणीला दोन दिवस लागतील."

"किती ओळी?"

"चौदा."

"माझी एक," हेमांगी म्हणाली आणि तिनं ती तिच्यासमोर लिहून दाखवली. तक्रार आली की झेला, आणि झेलल्यावर काय करायचं ते महिरपी कंसात. कंस दोन, मध्ये काही नाही. कुठलीही तक्रार येवो, त्या रिकाम्या जागेत पडणार आणि नाहीशी होणार. यात तिचं काही अलौकिक नव्हतं. जगातले अर्धेअधिक वेबसाइटवाले वर्षानुवर्षं हेच करत आले होते. लाल अक्षरं दिसली नाहीत की काम झालं, अशी त्यांची साधी सरळ समजूत असते.

"पण मॅडम, हद्दीची तक्रारही याच वाटेनं येते."

"हद्दीचा पहारा वेगळा आहे."

"पहारा वेगळा आहे, पण तो ओरडतो याच वाटेनं. माणूस गेटबाहेर पडला की पट्टी राउटरला 'बाहेर' सांगते, पहारा ते रोखतो आणि 'रोखलं' अशी तक्रार उठवतो. त्या तक्रारीवर घरच्यांचा फोन वाजतो, तिच्यावरच सॅटेलाइटवरून माग काढणं चालू होतं. तीच गिळली तर…"

"निखत," हेमांगी शांतपणे म्हणाली, "तुमच्या कॉलेजात शंका काढायला मार्क मिळत असतील. इथं मिळत नाहीत. आज संध्याकाळी नवी आवृत्ती सगळ्या पट्ट्यांवर जाऊ दे."

निखत गेली. ही चूक एखाद्या अडाणी माणसाच्या हातून झालीच नसती. अडाणी माणूस कटकटीला कंटाळतो, कानात बोळे घालतो, पण आपण बोळे घातलेत हे त्याच्या लक्षात असतं. ते विसरायला सव्वीस वर्षांचा अनुभव लागतो, आणि हेमांगीकडे तो होता.

हेमांगीचे वडील तिच्याकडेच राहायचे, बावधनला टेकडीखालच्या एका सोसायटीत. अप्पा दिवेकर, वय एकोणऐंशी, मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं त्यांनी साताऱ्यापासून सोलापूरपर्यंत लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या. बांधावरून कुऱ्हाडी काढून बसलेल्या भावाभावांच्या मधून साखळी ओढत नेली होती. आता त्यांना स्वतःच्या बाथरूमचं दार सापडत नसे. कानामागे पट्टी अर्थातच होती, मुलीच्या कंपनीची, फुकट मिळालेली.

रविवारी सकाळी हेमांगी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. अप्पांना सांभाळणाऱ्या इंदूताई खाली बसून लसूण सोलत होत्या. अप्पा गॅलरीच्या दारातून आत आले.

"हेमा, मला घरी जायचंय."

"आपण घरीच आहोत, अप्पा."

अप्पांनी कानामागे हात लावला, थोडा वेळ थांबले आणि परत गॅलरीत गेले. पाच मिनिटांनी पुन्हा आले.

"मला घरी जायचंय."

"मग हे काय आहे? धर्मशाळा?"

तिसऱ्यांदा आले तेव्हा तिनं वर पाहिलंच नाही. एवढा मोठा मोजणीदार, दहा-दहा गावांचे नकाशे ज्याच्या डोक्यात होते, तो स्वतःच्या दिवाणखान्यात उभा राहून घर शोधतो, याची तिला कीव यायला हवी होती. तिला किळस यायची. रात्री अंथरुणावर पडल्यावर या किळसेची लाज वाटायची, आणि लाज वाटली की सकाळी ती आणखी तुसड्यासारखी बोलायची.

"इशारा यायचा बंद झाला," अप्पा इंदूताईंना म्हणाले. "आधी यायचा. टुक म्हणून. आला की मी बसायचो."

"बसायचात खरं," इंदूताई म्हणाल्या. "आता दोन दिवस झाले, बसतच नाही तुम्ही. सारख्या येरझाऱ्या."

"इशारा नाही म्हणजे अजून पुढं जायचं. झेंडेवाल्याचा नियम आहे तो." अप्पा खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. त्यांचा आवाज एकदम स्वच्छ झाला होता. "मोजणीदार इकडं यंत्रापाशी. झेंडेवाला झेंडा घेऊन लांब चालत जातो, सरळ रेषेत. बरोबर जागेवर आला की मोजणीदार हात वर करतो. हात वर होईपर्यंत थांबायचं नाही. काटे असोत, ओढा असो. वळायचंही नाही."

"आणि त्यांनी हात वर केलाच नाही तर हो?"

"असं कसं होईल, बाई? मोजणीदार बघत असतो की."

"पण घरी बसलेल्या माणसानं घरी कशाला जायचं म्हणते मी," इंदूताई हसून म्हणाल्या.

"जिथून मोजणी सुरू केली, त्या दगडावर परत यावं लागतं. सगळी साखळी फिरवून परत त्याच दगडावर. त्याशिवाय कळणार कसं, कुठं किती चुकलं ते?"

हेमांगी दुसऱ्या कुणाचा तरी कोड वाचत होती आणि त्यातल्या चुकांखाली लाल रेघा मारत होती. वडिलांचं बोलणं तिच्या कानावर पडलं, पण पंख्याचा आवाज पडतो तसंच.

सोमवारी दुपारी दोनला इंदूताईंचा फोन आला.

"ताई, अप्पा घरात नाहीत."

हेमांगीनं मोबाइलवर पान उघडलं. अप्पांच्या नावापुढं हिरवा ठिपका, खाली अक्षरं: घर. "घरातच आहेत ते. इथं दिसतंय मला."

"अहो, मी सगळीकडं बघितलं. मी जेवायला बसले होते, तेवढ्यात…"

"संडासात बघितलंत?"

"बघितलं."

"कपाटामागं? गॅलरीत पडदे आहेत त्यांच्यामागं? इंदूताई, चष्मा लावा आणि बघा. यंत्र चुकत नाही. आणि हे बघा, मला कामात दहा वेळा फोन करू नका."

इंदूताईंनी आणखी तीनदा फोन केला. हेमांगीनं तो उचलला नाही. प्रत्येक वेळी तिनं पान उघडून पाहिलं, प्रत्येक वेळी हिरवा ठिपका जागच्या जागी होता, आणि प्रत्येक वेळी तिला इंदूताईंचा आणखी थोडा राग आला. असा पाऊण तास गेला. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं, एक्केचाळीस अंश.

पावणेतीनला निखत दार न वाजवताच आत आली.

"मॅडम, हेल्पलाइनवर सकाळपासून सहा फोन आलेत. नांदेड, चिपळूण, इचलकरंजी, बार्शी. सगळ्यांचं एकच म्हणणं. स्क्रीनवर 'घर' दिसतंय आणि माणूस घरात नाही. हेल्पलाइनवाले सगळ्यांना सांगतायत, नीट शोधा, घरातच असतील."

समजायला हेमांगीला अर्धं मिनिटही लागलं नाही, कारण गुरुवारी हे सगळं तिला याच खोलीत सांगितलेलं होतं. म्हातारा माणूस घर मागतो. ठोका मिळत नाही, म्हणून चालत सुटतो. गेटबाहेर पडल्यावर पहारा ओरडतो, ती ओरड कंसात पडते. फोन वाजत नाही, सॅटेलाइट उठत नाही. आणि फेरी झालीच नाही असं राउटरला वाटत असल्यामुळं पानावरचं चित्र बदलत नाही. ते म्हणतं, घर. हिरव्या ठिपक्यावर विश्वास ठेवणारा मूर्ख कोण, याचंही उत्तर तिला त्याच अर्ध्या मिनिटात मिळालं.

"माझे वडील," ती म्हणाली. आणि उठून मालकाच्या खोलीकडं निघाली.

कंपनीचा मालक सारंग उपासनी काचेच्या खोलीत टाय नीट करत होता. चारला सरकारी समिती येणार होती. राज्यातल्या सगळ्या वृद्धाश्रमांना वाटाड्या बसवायचा करार व्हायचा होता. सारंगनं सगळं ऐकून घेतलं. ऐकताना त्यानं दोनदा घड्याळ पाहिलं.

"आवृत्ती मागं घे. गुपचूप."

"ती घरात असलेल्यांना मिळेल. पट्टी चार्जरवर ठेवल्याशिवाय नवीन काही घेत नाही. जे बाहेर गेलेत, त्यांच्या कानात जुनंच चालू राहणार."

"मग काय करायचं म्हणतेस?"

"घरच्यांना सांगायचं. स्क्रीन खोटी आहे, उठून बघा."

"चाळीस हजार घरांना? आत्ता? अगं, तासाभरात ती माणसं इथं बसलेली असतील. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, हेमांगी. उद्या सकाळी व्यवस्थित मसुदा करून पाठवू. वकिलालाही दाखवू."

"आत्ता सहा लोक रस्त्यावर आहेत. सहा घरांनी फोन केला म्हणून सहा. बाकीच्यांना अजून माहीतच नाही. अप्पाही घरी नाहीत, सारंग."

तो खरोखरच हळहळला. तेवढी माणुसकी त्याच्यात होती, आणि फुकटची असल्यामुळं ती तो वापरतही असे. "अगं मग तू थांबलीस कशाला? माझी गाडी घे, ड्रायव्हर घे. जा, शोध त्यांना. समितीचं मी बघतो. बाकीच्यांचं उद्या."

हेमांगी काचेच्या खोलीतून बाहेर आली तेव्हा ड्रायव्हर किल्ली घेऊन उभाच होता. बावधन पंधरा मिनिटांवर. तिचा बाप भर उन्हात कुठंतरी चालत होता आणि तिला पळत सुटायचं होतं. सारंगला हे बरोबर ठाऊक होतं. आपला माणूस शोधायला मोकळीक दिली की माणूस दुसऱ्यांच्या माणसांबद्दल बोलत नाही, हे जगाचं जुनं गणित आहे.

ती परत आपल्या जागेवर जाऊन बसली. घरच्यांना निरोप पाठवायचा अधिकार तिच्याकडं नव्हता, तो सारंगकडं. पण प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर 'यात नवीन काय' अशी एक चिठ्ठी सगळ्या मोबाइलवर जायची. ती लिहायचं काम तपासनिसाचं, म्हणजे तिचं. ही चिठ्ठी आजवर जगात कुणीही वाचलेली नाही, असं ती स्वतःच म्हणायची. त्या चिठ्ठीला 'अत्यावश्यक' असा शिक्का मारला की मात्र ती उघडेपर्यंत फोन वाजत राहायचा. तो शिक्का कंपनीत कधी कुणी वापरला नव्हता.

तिनं आपली ओळ पुसली. निखतच्या चौदा ओळी, चाचणी न झालेल्या, तशाच चढवल्या. मग चिठ्ठी लिहिली: 'स्क्रीनवर घर दिसत असलं, तरी त्यावर विश्वास ठेवू नका. आत्ता उठा आणि आपलं माणूस डोळ्यांनी बघा. दिसलं नाही तर लगेच शोधायला बाहेर पडा, पोलिसांना कळवा. गुरुवारपासून वाटाड्या तुम्हाला खोटं सांगतो आहे. चूक आमची आहे.'

"आमची म्हणजे कोणाची?" मागं उभी असलेली निखत म्हणाली. "खाली नाव लागतं, मॅडम. नावाशिवाय शिक्का बसत नाही."

हेमांगीनं 'आमची' खोडून 'माझी' केलं आणि खाली पूर्ण नाव लिहिलं. बटन दाबलं. ऑफिसातल्याच चार-पाच जणांच्या खिशातले फोन एकदम कोकलायला लागले, कारण त्यांचेही आईबाप वाटाड्या लावत होते. काचेच्या खोलीतून सारंग बाहेर येताना दिसला. ती जिन्याकडं धावली. त्याची गाडी तिनं घेतली नाही, रिक्षा केली.

सोसायटीच्या गेटवर सात-आठ माणसं जमली होती. इंदूताई रडून रडून लाल झाल्या होत्या. हेमांगीला बघून त्या घाबरल्या, आणि आपल्याला बघून हे माणूस घाबरतं हे हेमांगीला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

वॉचमन खाली मान घालून म्हणाला, "साडेबारा-एकच्या सुमाराला गेले, मॅडम. मी विचारलं, कुठं निघाला अप्पा? म्हणाले, घरी. मला वाटलं, कानाला मशिन आहे. काही असलं तर वाजेल."

"एक जण देवळात जा," कुणीतरी सांगत होतं. "एक जण बसस्टॉपला. बागेत बघा, म्हातारी माणसं सावली धरून बसतात." सगळी माणसं सूचना देण्यात पटाईत होती, आणि कुणीही चुकीचं बोलत नव्हतं. भानावर असलेला माणूस जिथं जाईल, तिथं ती सगळी निघाली होती.

"गेटमधून बाहेर पडल्यावर कुठल्या बाजूला वळले?" हेमांगीनं वॉचमनला विचारलं.

"वळले नाहीत. समोरच गेले, नाकासमोर."

वळायचंही नाही. काटे असोत, ओढा असो. न ऐकलेलं बोलणं तिला शब्दन् शब्द आठवलं. अडीच तास झाले होते आणि तिकडून कुणीही हात वर केला नव्हता. करणार कोण? मोजणीदार बाणेरला बसून हिरवा ठिपका बघत होता.

गेटसमोरचा रस्ता दोनशे पावलांवर उजवीकडं वळत होता. हेमांगी वळली नाही. वळणावर पत्र्यांचं कुंपण होतं, एक पत्रा वाकलेला. त्यातून ती आत शिरली. पुढं उजाड प्लॉट, मग वेड्या बाभळींचं रान. बाभळीला अडकलेली पांढऱ्या सुताची एक चिंधी तिला दिसली, अप्पांच्या सदऱ्याची. तिची ओढणी फाटली, हात ओरबाडून निघाले. पुढं कोरडा ओढा लागला, तो ती बसून घसरत उतरली. एकोणऐंशी वर्षांच्या माणसानं हे कसं ओलांडलं असेल हा विचार ती येऊ देत नव्हती. फोन वाजला.

"मॅडम, एकोणीस जण निघाले एकूण," निखत सांगत होती. "चिठ्ठी गेल्यावर लोक बाहेर पडले. चौदा सापडले. समिती वाटेतूनच परत गेली. सर तुम्हाला शोधतायत."

"बाकीचे पाच?"

"तुमचे वडील धरून चार जणांचा शोध चालू आहे. बार्शीचे एक आजोबा गेले, मॅडम. रस्त्याकडेला सापडले. उष्माघात म्हणतायत. त्यांच्या सुनेनं सकाळी अकरालाच फोन केला होता."

हेमांगी ओढ्याच्या पलीकडच्या काठावर बसली. चिठ्ठी दहा मिनिटं आधी गेली असती, तरी तो माणूस वाचला नसता. वाचवणाऱ्या चौदा ओळी गुरुवारी तयार होत्या. हे तिला दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकता येत नव्हतं. ती उठली आणि चालायला लागली, कारण रेष अजून संपली नव्हती.

टेकडीच्या पायथ्याशी एका इमारतीचा पाया खणायचं काम चाललं होतं. निळ्या ताडपत्रीच्या सावलीत विटांच्या थप्पीवर अप्पा बसले होते. हातात बांबू होता, उभा धरलेला. सदरा फाटलेला, पिंढऱ्यांवर रक्ताचे ओघळ सुकलेले. शेजारी डोक्याला टॉवेल गुंडाळलेली एक बाई पाण्याचा जग घेऊन उकिडवी बसली होती.

"तुमचं मानूस हाय का हे?" बाईनं विचारलं. ती तिथं मजुरांवर देखरेख करणारी होती. "लई टायमानं आलासा. सरळ खड्ड्याकडं चालत निघालं हुतं आजोबा. म्या लांबनंच हात वर क्येला, आवो थांबा म्हनलं. तर जागच्या जागी हुबं. हिकडं आनून बसिवलं, पानी पाजलं. तवापासनं इचारत्यात, माझं घर कुठंय. म्या सांगते, हितंच बसा, मानूस येतंय न्यायला. जरा दम खात्यात, की पुन्यांदा इचारत्यात."

"कितीदा विचारलं?"

"त्ये कुनी मोजलंय? पन्नास येळा आसंल. म्हातारं मानूस, इचारनारच की."

हेमांगी अप्पांसमोर गुडघ्यांवर बसली. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, तिच्या ओरबाडलेल्या हातांकडं पाहिलं. ओळख नव्हती. तिनं त्यांच्या कानामागची पट्टी हळूच काढली आणि पर्समध्ये टाकली.

"चला," ती म्हणाली. "घरी जाऊ."

"तुम्हाला माहीत आहे माझं घर?"

"माहीत आहे."

"बरं झालं." अप्पांनी बांबू काळजीपूर्वक आडवा ठेवला आणि तिच्या खांद्याला धरून उठले. चार पावलं गेल्यावर ते थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "घरी एक मुलगी आहे आमची. फार हुशार. पण तिला एक गोष्ट दोनदा विचारलेली खपत नाही. म्हणून म्हटलं, बाहेर पडावं आणि परक्या कुणाला तरी विचारावं. परकी माणसं सांगतात."

"हो."

"तिला बोलू नका हं, मी विचारत होतो म्हणून."

"नाही बोलणार," हेमांगी म्हणाली.